पायाने उघडायचं पाणी

आमच्या घरी पाहुण्याला घर दाखवत नाहीत. यवतमाळला बदली झाल्यावर मी हे दोन खोल्यांचं घर बांधलं, पण त्याची मागची बाजू माझ्या व्याह्यांनीसुद्धा अजून पाहिलेली नाही. पाहुणा येतो, समोरच्या खोलीत बसतो, पोहे खातो, चहा घेतो आणि "चला, घर तर पाहू" म्हणून उठला की मी मधल्या दारात जाऊन उभा राहतो. मी उभा राहिलो की दारात जागा उरत नाही, एवढा देह मी कमावलेला आहे. बायको म्हणते, "लोकांले वाटंल, आत चोरीचा माल हाय." मुलीचं लग्न जमत होतं तेव्हा ती बिचारी कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, निदान त्यांना तरी न्हाणीघर दाखवा." नाही दाखवलं. लग्न तरीही झालं.

खरं म्हणजे एके काळी घर दाखवण्यात माझा हात धरणारा माणूस दिग्रसात नव्हता. मी आयुष्यात एकदाच घर दाखवलं, पण असं दाखवलं की पाहणारा पोट धरधरून हसला. ते सांगतो. घरच्यांनी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहे. सलग सांगायची मला लाज वाटत आली.

तेव्हा आम्ही दिग्रसला कापसाच्या जिनिंगमागच्या गल्लीत राहायचो. नुकतेच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. म्हणजे आम्ही होतो तिथेच होतो, राज्यच आमच्यावरून निघून गेलं. घरात तिघं. माझा मोठा भाऊ, त्याला मी दादा म्हणायचो, वहिनी, आणि मी. आई-बाप लवकर गेले, दादाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाड करायला घरात मी एकटाच होतो. मी प्राथमिक शाळेत नवा नवा मास्तर लागलो होतो आणि टोपी वाकडी घालत होतो.

दादा जिनमध्ये पट्ट्यांना राळ लावायचा. कापसातली सरकी काढणारे रेचे एका लांब दांड्यावरून फिरतात, दांडा आणि रेचे यांना जोडणारे चामड्याचे पट्टे असतात, ते घसरू लागले की त्यांच्यावर राळ टाकायची. पट्ट्यांपुढे लोखंडी जाळी होती. पण जाळी असली की राळ टाकायला यंत्र थांबवावं लागे, आणि ऐन हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग बाजारापर्यंत लागलेली असताना यंत्र कोण थांबवतो? मॅनेजरनी जाळी काढून ठेवायला सांगितली. जिनच्या मिस्त्रीने ती काढून भिंतीला टेकवून ठेवली. पुढे दीड महिन्यांनी दादाचा उजवा हात पट्ट्यात गेला.

माणसाचा एक हात अडकला की दुसरा त्याला सोडवायला धावतो. त्याला शिकवावं लागत नाही. दादा नंतर म्हणायचा, "डाव्याले जराशी अक्कल असती, तर थो तरी वाचला असता."

यवतमाळच्या दवाखान्यातून तो परत आला तेव्हा उजवा हात खांद्यापासून नव्हता आणि डाव्याची खांद्याखाली वीतभर खुंटी होती. कायद्याप्रमाणे जे द्यायचं ते जिनने दिलं, ती तक्रार नाही. पण कायद्यात हातांची किंमत लिहिली होती. हात नसलेल्या माणसाने आपल्या घरात राहायचं कसं, ते लिहिलं नव्हतं. ते शेटजींनी स्वतःहून बोलून दाखवलं. दवाखान्यात खाटेपाशी उभे राहून, दहा माणसांदेखत ते म्हणाले, "काळजी करू नको. तुझं घर तुझ्या सोयीचं करून देतो. पक्कं संडास, न्हाणी, बिनकडीचे दरवाजे. मिस्त्री-गवंडी सगळे आमचे." मॅनेजर बाजूला मान हलवत उभे होते. मीही हलवत होतो.

घरी आल्यावर कळलं की आपलं घर दादाचं वैरी आहे. ज्या घरात त्याचा जन्म गेला, त्यातली प्रत्येक वस्तू बोटांसाठी केलेली होती. दाराची कडी, माठावरचं झाकण, लोटा, खुंटीवरचं पांघरूण, लुंगीची गाठ. दार लागलं की तो आत कोंडला जायचा आणि कपाळाने ठोठावायचा. तहान लागली की हाक मारायची. नाकावर माशी बसली तरी हाक मारायची. पण या सगळ्याचं काही वाटून घेत नव्हता तो. थट्टा करायचा. "अबे मास्तर, मायी पाठ खाजव. नाही, खाली. तुले शाळेत खाली-वर शिकवलं नाही काय?"

थट्टा एकाच गोष्टीची करत नसे. आमच्या गल्लीत संडास कुणाकडेच नव्हतं, पुरुष लोटा घेऊन नाल्याकडे जायचे. दादा लोटा धरणार कशाने? वहिनीने मागच्या अंगणात घराच्या भिंतीला धरून बांबूच्या तट्ट्याचा आडोसा केला, खड्डा खणला, दोन विटा ठेवल्या. तो आत जायचा, मग काही वेळाने हाक न मारता नुसता खाकरायचा, आणि वहिनी लोटा घेऊन जायची. परत येताना दोघंही एकमेकांकडे पाहत नसत. लग्नाला बारा वर्षं झालेली. हात होते तेव्हा वहिनीचं जेवण झालं का हेसुद्धा तो माझ्याकरवी विचारायचा, इतका लाजरा माणूस.

महिन्याभरात त्याचं जेवण पाव भाकरीवर आलं.

"खाऊन काहून नाही राह्यला?" मी विचारलं.

"भूकच लागत नाही."

चुलीपाशी वहिनी मला हळूच म्हणाली, "भूक हाय भाऊजी. पोट वाजते त्यायचं, मी आयकते. पन खाल्लं की जा लागते, अन् गेलं की मले बलवा लागते. म्हनून खाऊन नाही राह्यले."

मी काय केलं ते लिहितो. दादाची उरलेली भाकर वाया जाऊ नये म्हणून मी खाऊ लागलो. घरात अन्न टाकायची रीत नव्हती. दादा सुकत गेला आणि मी भरत गेलो. घराचं एकूण वजन कायम राहिलं.

शेटजींच्या शब्दाची आठवण म्हणून जिनमध्ये मी तीन अर्ज दिले. अक्षराचा मला फार अभिमान. पहिला अर्ज मॅनेजरनी उजेडाकडे धरून पाहिला. "वा मास्तर! काय वळण आहे." तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं की पहिले दोन त्यांनी मुलाला गिरवायला घरी नेले आहेत. मला त्याचा राग यायला हवा होता. मी घरी येऊन सांगितलं, "मॅनेजरसाहेबांना माझं अक्षर आवडलं." दादा उताणा पडून आढ्याकडे पाहत होता. म्हणाला, "मंग संडास त्या अक्षरायचंच बांध."

शेवटी आला तो मिस्त्री. जाळी ज्याने काढली तोच. त्याला गल्लीत सगळे चाचा म्हणायचे. पन्नाशीचा, बुटका, पांढऱ्या दाढीत तेलाचे काळे डाग. दादा दवाखान्यातून आल्यापासून तो आमच्याकडे फिरकला नव्हता. जिनच्या सुटीच्या दिवशी सकाळी आला, ओट्यावर बसला आणि दादाकडे पाहत राहिला. वहिनीने दादाला पाणी पाजलं, अर्धं छातीवर सांडलं, तेही पाहिलं. मग उठून जमिनीवर उकिडवा बसला आणि दादाच्या पायाचा अंगठा हातात धरून खालीवर हलवून पाहू लागला. यंत्राचा एखादा भाग पाहावा तसा.

"क्या कर रहे, चाचा?" दादा दचकला.

"चूप बैठ. हात गये सो गये. ये तो सलामत है ना? इनको काम पे लगाते."

जिनच्या मागे भंगाराचा ढीग होता. मोडके पाईप, जुनी पिंपं, तेलाच्या इंजिनाचे निकामी भाग. वर्षानुवर्षं त्यावर बोरी उगवल्या होत्या, आणि पोरं बोरं खाऊन बिया त्याच लोखंडात थुंकायची. त्यातून चाचाने एक पिंप आणलं, पाईप आणले आणि दोन कॉक आणले. कॉक म्हणजे पाण्याची तोटी, पण ही फिरवायची नाही. तिला एक दांडी आणि स्प्रिंग होती. दांडी दाबली की पाणी सुटायचं, सोडली की आपोआप बंद.

तीन सुट्या तो खपला. आडोशाच्या भिंतीला विटांचा ओटा करून त्यावर पिंप चढवलं. पाईप खाली आणून जमिनीतून फिरवला आणि दोन विटांच्या मधोमध त्याचं तोंड वर तिरपं काढलं. उजव्या विटेपुढे लोखंडी पट्टी, म्हणजे पायडल. अंगठ्याने दाबलं की खालून धार. वहिनीने दादाला घालायला दोन लुंग्या जोडून एक सैल, बिनगाठीचा घेर शिवला, चाचाने भिंतीत कमरेच्या उंचीवर दोन आकडे ठोकले. घेर आकड्याला अडकवून बसायचं आणि उठताना सोडवायचा. मागच्या दाराची कडी काढून त्याला दोरी आणि दगड लावला, खांद्याने ढकललं की उघडायचं आणि दगडाच्या वजनाने मागे लागायचं. प्यायच्या पाण्याच्या रांजणालाही तसंच एक पायडल. जेवायला छातीच्या उंचीवर उतरती फळी, तिच्यावर ताट. तोंड लावून खायचं. तिला दादाने पहिल्याच दिवशी नाव दिलं: गव्हाण.

"मले आता घंटी बांधा एक गळ्यात," तो म्हणाला.

पहिल्यांदा तो आडोशात गेला तेव्हा आम्ही तिघं पुढच्या ओट्यावर बसलो होतो. चाचा विडी ओढत नव्हता, नुसती धरली होती. वहिनी तांदूळ निवडत होती. ताटात तांदूळ नव्हते. बराच वेळ काही नाही. मग पाण्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मग मागचं दार दगडाच्या वजनाने धप्पकन लागलं आणि दादा आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला. आमच्याकडे न पाहता वहिनीला म्हणाला, "भाकर टाक."

अडीच भाकरी खाल्ल्या त्याने, गव्हाणीवर वाकून. आंबाडीची भाजी मिशीला लागली तर खुंटीने पुसली. माझ्या वाट्याला एकच भाकर आली. मी कुरकुरलो नाही. म्हणजे कुरकुरलो, पण मनात.

पुढचे चार महिने आमच्या घरात बरे गेले. दादाच्या गालावर मांस आलं. रोज सकाळी विहिरीचं पाणी पिंपात भरायचं काम माझं होतं, ते करताना मी शाळेत उशिरा जायचो आणि सबब सांगायला मिळायची. वहिनी आणि तो पुन्हा भांडू लागले, म्हणजे सगळं ठीक होतं.

मग निरोप आला की शेटजींना दवाखान्यातलं बोलणं आठवलं आहे, आणि मॅनेजरसाहेब घर पाहायला येणार आहेत. काय काय बांधावं लागेल ते पाहून कळवतील.

वहिनी शहाणी. ती त्याच क्षणी म्हणाली, "भाऊजी, ते पिंप उतरवून ठेवा. तट्ट्याखाली झाकून टाका सारं. एक दिवसाचं काम हाय. पह्यले जसं होतं तसं दिसू द्या."

"म्हणजे घरी आलेल्या माणसाला खोटं दाखवायचं?" मी म्हणालो. शाळेत मी नीतिपाठ शिकवत असे, आणि शिकवता शिकवता थोडा मलाही बाधला होता.

दादा म्हणाला, "थे म्हनते तसं कर. हे आपलं आपल्यापाशी असू दे. लोकायले काय दाखवाचं त्यात?"

पण मी ऐकणारा नव्हतो. आमच्याकडची रीत अशी की घरी मोठा माणूस आला की त्याला घर फिरवून दाखवायचं: कोठी, गोठा, विहीर. नसलं तर शेजाऱ्याचा बैल दारात आणून बांधतील, पण उणं दाखवणार नाहीत. आम्हाला दुःख दाखवता येत नाही, सारवता येतं. शिवाय माझं एक गणित होतं. गरिबाने भंगारातून इतकं केलं हे पाहिलं की साहेबाला वाटेल, आपण तर याच्या दसपट पक्कं करून दिलं पाहिजे. गणित मी तिसरीला शिकवायचो.

मॅनेजर आले. मी शेजाऱ्याकडून खुर्ची आणली होती. वहिनीने पोहे केले. मी म्हणालो, "दादा, साहेबांना पाणी दे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. पण पाहुण्यापुढे धाकट्या भावाचा शब्द पाडायचा नाही, हीसुद्धा आमची रीतच. तो उठला. वहिनीने पेला नळीखाली ठेवला, दादाने पायडल दाबलं, पेला भरला. एक थेंब सांडला नाही.

"अरे वा!" मॅनेजर म्हणाले. "हा तर आमच्याहून झकास आहे. आम्हाला वाकावं लागतं."

तेवढ्याने मला चढली. मी दार ढकलून दाखवलं, दगड दाखवला, गव्हाण दाखवली. ते मान हलवत मागून येत होते. आडोशापाशी आल्यावर म्हणाले, "आणि हे?"

"दादा, दाखव," मी म्हणालो.

"नाही," दादा म्हणाला. एवढंच. आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिथे थांबायला हवं होतं. पण साहेब वाट पाहत होते, आणि मला वाटलं, घराचा खरा दागिना तर राहूनच जातो आहे. मी काय केलं? धोतर, कोट, टोपी असा मी, शिक्षण खात्याचा नोकर, त्या दोन विटांवर बसलो. म्हणालो, "हे असं बसायचं. हे असं दाबायचं." आणि दाबलं.

पिंप मीच सकाळी काठोकाठ भरलेलं. धार अशी आली की मी जागचा उडालो, टोपी खड्ड्यात गेली, पाय पायडलवरून काढायचं भान राहिलं नाही आणि धोतरातून पाणी कोटाच्या गळ्यापर्यंत चढलं. मॅनेजर हसले. असे हसले की त्यांना तट्ट्याला धरावं लागलं. कुंपणापलीकडून गल्ली पाहत होती, तीही हसली. मग मीसुद्धा हसलो. काय करणार? डोळे पुसत मॅनेजर खाली वाकले, कॉकवर बोट ठेवलं आणि फार प्रेमाने म्हणाले, "नामी वस्तू आहे हो. कुठली?"

"आपल्या जिनमधलीच!" मी निथळत म्हणालो. "चाचांनी आणून बसवली."

कॉकवर नंबर ठोकलेला होता. तो त्यांनी दोनदा वाचला. पोहे खाल्ले, वहिनीला "छान झाले" म्हणाले आणि गेले.

चौथ्या दिवशी गाडी आली. गाडीबरोबर जिनचे दोन हमाल. दोघंही दादाचे जुने सोबती, एकाच्या लग्नात दादा नाचला होता. ते दारात उभे राहिले, आत येईनात. एक म्हणाला, "भाऊ, जिनचा माल हाय म्हनते मॅनेजर. नंबर हाय त्याच्यावर. आमाले धाडलं."

"या," दादा म्हणाला. "पानी घ्या पह्यले."

त्यांनी पाणी प्यायलं. पायडल दादानेच दाबलं. मग त्यांनी ते सोडवायला घेतलं. कॉक निघेना. एकाने हातोडी उचलली, तसा आडोशाच्या तोंडाशी बसलेला दादा म्हणाला, "ठोकू नको बाप्पा, चीर पडंल त्याले. उलट्या आट्याचं हाय. दुसऱ्या अंगानं फिरव. हां, अस्सं. चाचानं मले सांगतलंय." आणि एक एक जोड कसा सोडवायचा ते सांगत राहिला. पाईप वाकू नये म्हणून, पिंपाला पोचा येऊ नये म्हणून. जणू परत यायचंच आहे सगळं. गाडी निघाली तेव्हा आडोशात दोन विटा आणि भिंतीतले आकडे राहिले. आकडे चाचाच्या स्वतःच्या घरचे होते.

चाचाला जिनने काढलं. वर्षानुवर्षांचं गंजलेलं भंगार, पण फाटकातून परवानगीशिवाय बाहेर गेलं म्हणजे चोरी. मी त्याच्याकडे गेलो. तो सामान बांधत होता. उमरखेडला मेहुण्याचं सायकलचं दुकान होतं, तिथे चालला होता. मला वाटलं, शिव्या देईल. चार शिव्या मिळाल्या असत्या तर मी उपकार मानून घेतल्या असत्या. तो म्हणाला, "तूने सच बोला, मास्टर. बच्चों को यही तो सिखाते ना?" आणि मला चहा पाजला.

मी पुन्हा अर्ज दिला. या वेळी मॅनेजरनी बसायला सांगितलं. "मास्तर, मी शेटजींना कळवलं. घर समक्ष पाहिलं, सर्व सोयी आहेत, गडी एकटा सर्व करतो, बांधकामाची आवश्यकता नाही."

"पण ते तर आपण काढून नेलं."

"ते वेगळं. तो मालाचा प्रश्न. हा सोयीचा." मग हसू आलं त्यांना. "आणि तुम्हीच तर बसून दाखवलंत की!"

मी स्वतः करून पाहिलं. पुसदहून तोटी आणली, ती फिरवायची निघाली. मग मडक्याला भोक पाडून लाकडी बूच बसवलं, बुचाला सुतळी, सुतळी अंगठ्याला. तिसऱ्या दिवशी सुतळीबरोबर मडकं खाली आलं, दादाच्या पाठीवर. खापरं वेचताना मी काहीतरी पुटपुटलो, पुढच्या वेळी जाड सुतळी घेऊ वगैरे. दादा म्हणाला, "राहू दे. पाहुन्याले दाखवासारखं नाही झालं हे."

वहिनीने पुन्हा लोटा उचलला. दादाने तिला थांबवलं. "तू नाही. आता मास्तरच धुवन."

तेव्हापासून मीच. तो दुसऱ्या कुणाला येऊ देत नसे. शाळा पाचला सुटायची. मी कुठे थांबलो, गप्पा मारल्या, तर तो तोवर तसाच राहायचा, घामाने डबडबलेला, दात आवळून. वहिनी पाया पडायची, "मले करू द्या." नाही. मी धावत यायचो. तो विटांवर बसलेला असायचा, मी लोट्याने पाणी घालायचो, आणि माझं काम चालू असताना तो मॅनेजरच्या आवाजात म्हणायचा, "अरे वा! नामी वस्तू आहे हो. कुठली?" रोज. नेमाने. पहिल्या दिवशी मी रडलो. नंतर रडायचं थांबलो, पण त्याने म्हणायचं थांबवलं नाही.

आणि जेवण पुन्हा पाव भाकरीवर आलं. एकदा वहिनीने त्यात तूप लपवून घातलं, तर त्याने वास घेऊन ताटाला डोकं मारलं. उरलेलं ती माझ्यापुढे आणून ठेवायची. मी खायचो. मला खोटं लिहायचं नाही. खायचोच.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी शाळेत आम्ही पेढे वाटले. मी दादासाठी एक आणला. त्याने जिभेवर ठेवला, बराच वेळ चघळला आणि मग थुंकून टाकला. म्हणाला, "गोड हाय."

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. ताप आला चार दिवस, पण तापाला पकडायलासुद्धा अंगावर काही उरलं नव्हतं. अंघोळ घालायला गल्लीतले चौघे पुढे झाले. मी म्हणालो, "तुम्ही राहू द्या, मला सवय आहे." त्यांना वाटलं, दुःखाने बोलतो आहे. पाणी घालताना माझे कान त्या "अरे वा!"ची वाट पाहत होते.

तिरडी उचलली तर पुढच्या दोघांचा तोल गेला. ओझं धरून उचलायला गेले आणि ओझंच नव्हतं. मागच्या खांद्यांत मी एक होतो. माझ्याच वजनाने माझे गुडघे दुखत होते.

मसणवटीत मॅनेजर आले होते. जिनच्या वतीने नारळ घेऊन. चितेपासून थोडे दूर उभे राहिले, सगळं आटोपल्यावर माझ्यापाशी आले आणि खांद्यावर हात ठेवून फार हळव्या आवाजात म्हणाले, "वाईट झालं, मास्तर. पण शेवटपर्यंत त्याची सोय तुम्ही उत्तम ठेवलीत. मी स्वतः पाहिली आहे. अजून सांगतो लोकांना."

मी हात जोडले. आणि म्हणालो, "आपली कृपा."